अधिक सहा

सहमच्या बर्फ कारखान्यामागे, पत्र्याच्या शेडखाली
तीन जनरेटर. दुपारचे दोन.
मी पीएलसीच्या पॅनेलपुढे उकिडवा,
मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपखाली ओला पंचा.

तिघांना मिळून एकच तार, पीळ घातलेली, दोन पदरी.
नियम साधा : विचारल्याशिवाय बोलायचं नाही.
पीएलसी हाक मारतो, एक?
एक सांगतो. दोन?
दोन सांगतो. तीन?

तीन गप्प.

जुन्या पुस्तकात याला मालक आणि गुलाम म्हटलंय.
नव्या आवृत्तीत शब्द बदललेत.
तार तीच आहे.

तीनचे ए आणि बी कुणीतरी उलटे जोडले होते.
पदर बदलले, स्क्रू आवळले, तर बोलला,
पण तेलाचा दाब विचारला की पाण्याचं तापमान सांगायला लागला.
मॅन्युअल लिहिणारा एकपासून मोजायचा,
यंत्र मोजतं शून्यापासून.
म्हणजे तासभर मी शेजारच्याचं दार वाजवत होतो
आणि शेजारी, भला माणूस,
आपल्याच घरातलं काहीबाही सांगून दार लावून घेत होता.
पत्त्यातून एक वजा केला.

खलफान आला तेव्हा अंगाला सुरमईचा वास, काखेत वही.
अकरा वर्षं ही तीन इंजिनं त्याच्याकडे आहेत.
मला तो मुहंदिस म्हणतो;
मी डिप्लोमावाला, पण इथे पाना धरणारा प्रत्येक जण मुहंदिस.
उलटा हात त्याने पाण्याच्या पाइपाला टेकवला, लगेच काढला.
‘ऐंशी,’ म्हणाला. त्याची हिंदी माझ्यापेक्षा बरी.
स्क्रीनवर ८१४.
दशांश आपला आपण द्यायचा असतो.

मग तास वाचले. तीन नंबर, एकूण चालला :
एकशे वीस कोटी, वीस लाख, एकसष्ट हजार तीनशे बारा.
वर्षं काढली तर एक लाख सदतीस हजार.
खलफान इतका हसला की खोकला आला.
‘नूहच्या नावेवर हाच होता वाटतं!’

मोठा आकडा दोन खणांत तोडून ठेवतात,
आधी कुठला खण उघडायचा ते ज्याचं त्याने ठरवलेलं.
मी खण उलटे लावले.
अठरा हजार तीनशे बेचाळीस.

त्याने वही उघडली. पेन्सिलीचे अरबी आकडे,
लिपी उजवीकडून येते, आकडे मात्र आपल्यासारखे डावीकडून.
बोट फिरवत शेवटच्या ओळीवर थांबला.
अठरा हजार तीनशे अठ्ठेचाळीस.

‘सहा तास कमी दाखवतोय तुझा डबा.’

मी केबल पाहिली, पत्ता पाहिला, पुन्हा वाचलं.
बेचाळीस. पुन्हा. बेचाळीस.

तो डिझेलच्या पिंपावर बसला आणि म्हणाला,
वादळाच्या रात्री पाणी इथवर होतं, इथवर,
आणि पॅनेलवर एक रेघ दाखवली, माझ्या गळ्याइतकी.
कंट्रोलर तर पहिल्या फटक्यात मेला.
आत चार गावांची मासळी.
सोलेनॉइडला थेट बॅटरी लावून त्याने तीनला उठवला,
जागेवर ठेवायला वायर हाताने दाबून धरली,
रात्री अकरा ते पहाटे पाच.
नंतर नवा कंट्रोलर आला. त्यात जुने तास भरले.
ती रात्र कुणी भरली नाही.

शेडमध्ये एक आणि दोन आळीपाळीने बोलत होते.
मी प्रोग्रॅम उघडला,
तीनच्या तासांपुढे लिहिलं : अधिक सहा.
शेजारी टीप : खलफान, वादळ, हाताने.

माझ्यानंतर येणारा कुणी हुशार मुलगा
ही ओळ बघेल, कपाळाला आठी घालेल,
मराठी वाचता येत नसेल तर चूक समजून खोडेलही.

खलफानने विचारलं, झालं?
मी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.
त्याने वहीशी ताडून पाहिलं, पेन्सिल कानामागे खोवली
आणि आतून मला एक तुकडा बर्फ आणून दिला,
मानेवर ठेवायला.